हिरव्या टिनाखालचा वर्ग

आमच्या सरांना भिंतींना हात लावायची खोड होती. तळवा नाही, हाताची पालथी बाजू; तापल्या लेकराच्या कपाळाला आई लावते तशी. वर्गात शिरले की आधी भिंत, मग खिडकीचा गज, मग पहिल्या बाकावरच्या कुणाच्या तरी कंपासपेटीचं झाकण. एवढं झालं की पोरांकडे वळून विचारायचे, "ही धग आता जाईल कुठी?" पोरं एका सुरात ओरडायची, "कुठीच नाई, सर!" हजेरी त्यानंतर.

चंद्रपूर जिल्ह्याच्या सावली तालुक्यातल्या एका गावच्या हायस्कुलात मी मराठी शिकवायला रुजू झाले, तेव्हा भूगोल त्यांच्याकडे होता. पहिल्याच दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्या जेवणाच्या डब्याला हात लावला आणि म्हणाले, "बाई, गाडीच्या डिक्कीत ठेवला होता ना? भाजी आंबली असंल. खाऊ नका." मला राग आला. डबा उघडला तर भाजी खरंच आंबलेली निघाली, म्हणून आणखी राग आला. त्या दिवशी त्यांनी आपल्या डब्यातला अर्धा भात आणि लाखोरीची डाळ माझ्यापुढे सरकवली आणि वर्गावर निघून गेले.

अंगाने वाळकी काडी. डोक्याला पांढरा दुपट्टा, उन्हाळा असो की नसो. आमच्याकडे उन्हात निघताना लोक खिशात कांदा ठेवतात, लू लागत नाही म्हणून. सरांनी रस्त्यात कुणाच्या खिशाला फुगवटा पाहिला की त्याला थांबवायचेच. "कांद्यानं भागते काय लेका? मग चंद्रपूरच्या वीजकेंद्राच्या चिमणीले एक माळ बांधून ये ना." त्यांच्या रागाला ऋतू नव्हता, पण एप्रिल-मेमध्ये त्याला धार यायची.

एप्रिल लागला की पेपरात बातमी येते, चंद्रपूर देशात सर्वांत गरम. आमचे लोक ती एकमेकांना मोठ्याने वाचून दाखवतात, जसा काही गावचा पोरगा बोर्डात आला. एकदा हेडमास्तरांनी स्टाफरूममध्ये अशीच बातमी वाचली आणि वर म्हणाले, "आपल्याले कोणी हरवू शकत नाई." सर उठले, कोपऱ्यावरच्या हॉटेलातून पेढे घेऊन आले आणि एकेकाच्या हातावर ठेवत फिरले. "घ्या, तोंड गोड करा. पहिला नंबर आला आपला. लेकरं भाजून राह्यली, म्हाताऱ्या मरून राह्यल्या, पण नंबर सोडला नाई." हेडमास्तरांना तो पेढा गिळवेना आणि टाकवेनाही.

पाठ्यपुस्तकात हरितगृह परिणामाचा धडा होता. काचेच्या घराची आकृती, त्यात येणारे बाण, जाणारे बाण. आमच्या पोरांनी जन्मात काचेचं घर पाहिलेलं नव्हतं. सर पुस्तक मिटायचे आणि विचारायचे, "हिवाळ्यात खळ्यावर राखणीले झोपता ना? कोणत्या राती जास्त थंडी वाजते? आभाळ साफ असते तेव्हा, का ढग येते तेव्हा?" हे कुणाला शिकवावं लागत नव्हतं. कापलेल्या धानाच्या ढिगापाशी, पुंजण्यापाशी झोपलेल्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं, चांदण्या लखलखल्या की दात वाजतात आणि ढग आले की घोंगडं लाथाडावं लागतं.

"बस, तेवढंच आहे," सर म्हणायचे. "सूर्याचं ऊन आत येते, त्याले हवा अडवत नाई. जमीन तापते. तापली का ते आपली धग वर फेकते. ते धग डोळ्याले दिसत नाई, हाताले समजते. आभाळ साफ असलं तर निघून जाते. वर कोणी धरणारा असला तर ते धरते न् त्यातली थोडी वापस खाली पाठवते. ढग एका रातीपुरता धरते. कार्बन डायऑक्साइड तुमच्या नातवाच्या नातवापर्यंत धरून राह्यते."

मागच्या बाकावरचा कुणी तरी विचारायचाच, "मंग तो गॅस काढूनच टाकला तर?"

"तर आपण सारे गोठून मरू. चादर वाईट नाई रे. चादरीवर चादर, चादरीवर चादर, हे वाईट."

टेबलाच्या खणात ते दगडी कोळशाचं एक ढेकूळ ठेवायचे. ते वर धरून विचारायचे, हे काय आहे. पोरं म्हणायची, कोळसा. "नाई. हे जंगल आहे. ताडोबाहून लई जुनं. त्या झाडांनी हवेतला कार्बन खाल्ला न् त्याले पोटात घेऊन जमिनीखाली झोपली. कोट्यवधी वर्षं झोपून होती बिचारी. आपण चार पिढ्यांत त्यायले उठवलं, जाळलं न् सारा कार्बन वापस वर सोडून देल्ला." मग ढेकूळ परत खणात ठेवून खण हळूच बंद करायचे, आत कुणी झोपलेलं असल्यासारखा.

हे ऐकून गावातले काही जण म्हणायचे, म्हणजे चिमण्या चंद्रपुरात आहेत म्हणून आपल्याकडे जास्त गरम होतं. सर त्यांच्यावरही भडकायचे. अर्धवट राग त्यांना खपत नसे. "धूर इथला, राख इथली, खोकला इथला, हे खरं. त्यावर भांडा, मी येतो संगं. पण चादर साऱ्या जगाची एकच आहे. अमेरिकेतली मोटार न् आपली चिमणी तिच्यातच धागा घालून राह्यली. आपण आधीच चुलीजवळ बसून आहो, म्हणून चटका पह्यले आपल्याले." त्यामुळे कंपनीवाल्यांना ते आवडत नव्हते आणि मोर्चावाल्यांनाही फारसे नाही. त्यांना त्याचं काही वाटत नसे. मला वाटे, चूक बोलणाऱ्या आपल्या माणसाला टोकायला जी छाती लागते ती आमच्यात त्यांच्याकडेच होती.

एकदा समाजमंदिरात शेतकऱ्यांची कार्यशाळा होती. बाहेरून एक तज्ज्ञ आले होते. पडद्यावर चित्रं दाखवून ते सांगत होते की धानाच्या बांधीत, बांध घातलेल्या शेतात, पाणी साचून राहतं, खाली चिखल कुजतो, त्यातून मिथेन निघतो आणि तो पृथ्वी तापवतो. लोक एकमेकांकडे बघू लागले. एका म्हातारीने विचारलं, "मंजे धान लावणं पाप आहे काय जी?" सर मागे उभे होते. पुढे येऊन म्हणाले, "बाई, साहेब खोटं नाई सांगून राह्यले. मिथेन निघते. मधामधात पाणी उतरवलं तर कमी निघते, हेही खरं." साहेब सुखावले. "पण साहेब, बाहेर तुमची गाडी सुरू आहे. आत कोणीच नाई. तुम्ही वापस जाल तवा एसीची थंडी लागावी म्हणून सुरू आहे. आधी ते बंद करा, मंग आम्ही बांधीतलं पाणी उतरवतो." सगळं समाजमंदिर हसलं. मीही हसले, पण घरी जाईपर्यंत माझ्या तोंडाची चव गेली होती. म्हातारीला पापाची भीती वाटली होती, साहेबांना वाटली नव्हती.

आता टिनाचं सांगते.

आमच्या शाळेची जुनी इमारत कवेलूची, म्हणजे कौलारू होती. जाड मातीच्या भिंती, वर कवेलू, बाजूला दोन कडुनिंब. संस्थेला कुठून तरी निधी आला तेव्हा तिचा एक भाग पाडून तिथे दोन नव्या खोल्या बांधल्या. सिमेंटच्या पातळ भिंती आणि वर टीन, नुसता पत्रा. कडुनिंबही मधे येत होता म्हणून एक तोडला. उद्घाटन थंडीत झालं, त्यामुळे सगळ्यांना छान वाटलं. आठवीचा वर्ग तिथे गेला. तो माझा वर्ग होता.

मार्च लागला आणि त्या खोलीत उभं राहवेना. वरून टीन तापायचं आणि त्याची झळ सरळ पोरांच्या टाळूवर उतरायची. त्यात वार्षिक परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत. साऱ्या राज्याला एकच वेळापत्रक. ते करणाऱ्यांना वैनगंगेकाठचा एप्रिल कधी चावला नसावा. पेपर लिहिताना पोरांच्या कोपराखाली कागद ओला व्हायचा. शाई पसरायची. मी त्यांचे मार्क कापायचे तरी कुठल्या तोंडाने?

सर संस्थेच्या अध्यक्षांकडे गेले. अध्यक्षांना सगळा तालुका भाऊ म्हणतो. सरांनी एकच मागणी केली, "भाऊ, चुन्याची एक गोणी द्या. टिनावर पांढरा चुना मारतो आम्ही. पांढऱ्यावरून ऊन वापस जाते, टीन तापत नाई." भाऊ म्हणाले, "पाहू ना सर." आमच्याकडे पाहू ना म्हणजे काय, हे सांगायला नको.

त्या हिवाळ्यात मळणी झाल्यावर सरांनी कुणालाच विचारलं नाही. एका सकाळी बैलबंडीभर तणस घेऊन आले, पोरांचे बाप संगे. धानाचं तणस, म्हणजे पेंढा, आमच्याकडे काय, जिकडेतिकडे पडलेलं असतं. विजेच्या तारांकडची बाजू मोकळी सोडून त्यांनी ते टिनावर जाड अंथरलं आणि वरून बांबू दाबले. पुढच्या मार्चमध्ये त्या खोलीत माणूस बसू शकत होता. सरांनी आतून टिनाला हात लावला आणि पहिल्यांदाच मी त्यांना नुसतं हसताना पाहिलं. पोरांनी विचारलं, "सर, आता धग जाईल कुठी?" सर म्हणाले, "अर्धी तरी वर गेली रे. आज एवढंच पुरे."

आणि मग शाळेला बक्षीस मिळालं. पर्यावरणमित्र शाळा. कुणी दिलं, कशासाठी दिलं, मला आजवर समजलेलं नाही. समारंभ एप्रिलमध्ये ठरला, मोठे पाहुणे येणार होते. भाऊ पाहणीला आले, वर बघितलं आणि म्हणाले, "हे काय गोठ्यासारखं दिसून राह्यलं? काढा." एका दिवसात तणस उतरलं. त्या जागी काय केलं असेल? टिनाला रंग दिला. हिरवा. गडद हिरवा ऑइलपेंट, आत-बाहेर चकचकीत. पर्यावरणाची शाळा, म्हणून हिरवी.

सरांनी बाहेरून खिडकीवर चढून टिनाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. "हिरवा रंग देल्ला म्हणून टीन झाड झालं काय?" ते हेडमास्तरांवर ओरडले. "गडद रंग ऊन पितो! साधं टीन बरं होतं याच्यापेक्षा! पोट्ट्यायले तळाचं आहे काय तुमाले?" हेडमास्तर म्हणाले, "भाऊंनी सांगितलं." या दोन शब्दांपुढे आमच्या तालुक्यात भूगोल, विज्ञान, काही चालत नाही.

मराठीच्या पेपरला माझ्या वर्गातली पौर्णिमा चक्कर येऊन पडली. बाप वैनगंगेवर जाळं टाकतो, पोरगी अक्षराने सुंदर. निबंध लिहिता लिहिता बाकावर कलंडली, तेव्हा मला आधी वाटलं, पेन पडलं म्हणून वाकली. मी आणि सरांनी तिला उरलेल्या कडुनिंबाखाली नेलं. सरांनी दुपट्टा ओला करून तिच्या अंगावर घातला आणि कपाळाला हाताची पालथी बाजू लावली. त्या दिवशी त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. दवाखान्यात सलाईन लावलं, संध्याकाळी ती शुद्धीवर आली, म्हणून सगळे मोकळे झाले.

शाळेने काय सांगितलं? मुलगी उपाशी आली होती. तिची आई शाळेत येऊन उभी राहिली. "आंबील पिऊन गेली होती ना जी माही पोरगी. मी सोता देल्ली. काऊन असं बोलून राह्यले?" हेडमास्तरांनी मान खाली घालून रजिस्टर उघडलं. गरिबाच्या लेकराला काही झालं की ते उपाशी होतं असं म्हणायचं, ही फार जुनी सोय आहे. छताला जबाब द्यावा लागत नाही, आईला द्यावा लागतो. मला तो हेडमास्तरांचा चेहरा आठवला की अजून हात शिवशिवतात.

समारंभ त्यानंतर चारच दिवसांनी झाला. मैदानात मांडव, मंचाच्या दोन्ही बाजूंना मोठे कूलर, पाहुण्यांकडे तोंड करून. सर त्या महिन्यात निवृत्त होणार होते, म्हणून त्यांचाही सत्कार ठेवला होता. तोंड बंद होईल अशी आशा असावी. पाहुणे दहाला येणार होते, एक वाजून गेल्यावर आले. भाषणं झाली. वसुंधरा माता झाली. भाऊंनी सरांच्या खांद्यावर जरीकाठी शाल टाकली, नारळ दिला. सरांनी वाकून नमस्कार केला आणि माइक हातात घेतला.

"भाऊंनी शाल देल्ली. आभार. पण खरे मानकरी भाऊ आहेत." असं म्हणून त्यांनी ती शाल काढून भाऊंच्या अंगावर घातली. टाळ्या झाल्या. टेबलावर इतर सत्कारांच्या शालींचा गठ्ठा होता. सरांनी दुसरी उचलली आणि घातली. "टीन हिरवं केल्याबद्दल." तिसरी. "तणस काढल्याबद्दल." चौथी. सत्काराची शाल कुणी नाकारत नसतं, आणि फोटोवाला समोर होता. भाऊ हसत हात जोडून उभे. कपाळावरून घाम नाकावर आला तरी हसणं सुटेना.

"गरम होऊन राह्यलं काय, भाऊ?" सरांनी माइकवरूनच विचारलं. "शालीत कोणी इस्तव ठेवला काय? नाई. शालीत काईच नाई. हे धग तुमचीच आहे. फक्त बाहेर जाऊन नाई राह्यली. धरतीचंही असंच होऊन राह्यलं. दाखला थोडा लंगडा आहे, शाल हवा अडवते न् तो गॅस धग अडवते, पण घाम तोच आहे." मग त्यांचा आवाज खाली आला. "धरतीचं एकट्या तुमच्या हातात नाई. पण टीन आहे. असेच शाली घेऊन आठवीच्या वर्गात चला. पौर्णिमा बसली होती त्या बाकावर बसा. एक पेपर लिहा."

मला वाटलं, झालं, आता काही तरी होईल. आणि भाऊंनी काय केलं असेल? शाली उतरवून पोऱ्याच्या हातात दिल्या, घाम पुसला आणि माइक घेऊन म्हणाले, "सरांनी किती सुंदर प्रात्यक्षिक दाखवलं! जोरदार टाळ्या झाल्या पाहिजे!" आणि झाल्या. कडकडून झाल्या. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो, सर भाऊंना शाल घालताना. मागे हिरवं टीन. असा संताप मला आयुष्यात दुसऱ्यांदा आलेला नाही. माणसाला शिव्या दिल्या तर तो उलटून बोलू तरी शकतो. टाळ्यांपुढे तो काय बोलणार?

सर थांबले नाहीत. सुट्टी लागल्यावर पौर्णिमाच्या बापाला घेऊन त्यांनी स्वतःच टिनावर चुना मारला. संस्थेने त्यांना मालमत्ता विद्रूप केल्याची नोटीस पाठवली आणि शाळा उघडायच्या आत पुन्हा हिरवा रंग चढला. पुढचा उन्हाळा आला. आठवीची नवी पोरं त्याच खोलीत बसली. सर उठून चंद्रपूरला शिक्षण विभागात जायचे, अर्ज द्यायचे, परत यायचे. "बाई, नवतपा, भर उन्हाचा, पह्यले नऊच दिवस होता," एकदा मला म्हणाले. "आता तो पाहुणा जातच नाई. न् आपण पोट्ट्यायले त्याच्याच ताटात वाढून राह्यलो."

मे महिन्यात असंच ते चंद्रपूरला निघाले होते. बस उशिरा होती. आमच्या फाट्यावरचा निवारा टिनाचाच आहे, तोही कुणी तरी रंगवलेला. तिथे बाकावर बसलेले दिसले म्हणून लोकांना वाटलं, डुलकी लागली. बस आली, कंडक्टरने हाक मारली, मग खांद्याला हात लावला.

कागदावर हृदयविकार लिहिलं. पौर्णिमा उपाशी होती, सरांचं वय झालं होतं. धगीचं नाव कुणीच कुठे लिहीत नाही.

त्यांच्या अंगणात दुपारी माणूस मावत नव्हता. सोयरे एकेक पुढे येऊन रिवाजाप्रमाणे अंगावर कापड घालत होते. तेवढ्यात भाऊ आले. संगे माणूस, त्या माणसाच्या हातात शाल. तशीच, जरीकाठी. भाऊंनी ती सरांवर पसरली, हात जोडले, डोळे मिटले. कुणी तरी मोबाइल वर केला.

मी पुढे झाले आणि ती शाल काढली. घडी घातली आणि भाऊंच्या हातात परत दिली.

"बाई, काय करून राह्यल्या हे?" भाऊ हळू आवाजात म्हणाले.

"बाहेर तुमची गाडी सुरू आहे, भाऊ. आधी ते बंद करा," मी म्हटलं. सगळ्या अंगणाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने. "आणि शाल नको. चुना द्या. एक गोणी."

मग पौर्णिमाची आई बायकांमधून उठली. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या बाजूला येऊन उभी राहिली. "हव जी भाऊ," ती म्हणाली, "चुनाच द्या." मागून आणखी कुणी तरी म्हणालं. मग आणखी कुणी.

भाऊंनी इकडेतिकडे पाहिलं. या वेळी टाळी वाजवायला कुणी नव्हतं. चुना आल्याशिवाय तिरडी उचलायची नाही, असं तिथे कोणीच म्हटलं नाही. पण कोणी उचललीही नाही.